चाकरीवरून कुत्र्याची पारख

घरात कुत्रा आणावयाचे ठरले की बहुतेक कुटुंबांत प्रथम चर्चा होते ती रूपाची. कोणास सोनेरी केसांचा हवा असतो, कोणास उभ्या कानांचा, कोणास मांडीवर मावेल एवढाच. घरातल्या धाकट्याने कुठल्याशा चित्रपटात निळ्या डोळ्यांचा एक पाहिलेला असतो आणि त्याचा सारा हट्ट त्या एकासाठी चाललेला असतो. मग किंमत, मग खाण्याचा खर्च, मग केस गळण्याची अडचण, एवढ्यावर चौकशी आटोपते. आणि जो प्रश्न सर्वांच्या आधी विचारावयास हवा, म्हणजे या जातीच्या पूर्वजांना माणसाने कोणत्या चाकरीसाठी पदरी बाळगले होते, तो कोणी विचारीतच नाही. वस्तुतः कुत्र्याच्या जुन्या जातींचे रूप त्यांच्या चाकरीच्या गरजेतून घडले, आणि त्याच गरजेतून त्यांचा स्वभावही घडला. ती चाकरी सुटून शे-दीडशे वर्षे लोटली तरी तिची ओढ रक्तात राहते. आणि ती ओढ भागविण्याची काही तजवीज आपल्या घरी आहे की नाही, यावरच पुढील दहा-बारा वर्षे आपली व त्या मुक्या जिवाची सुखाची जातील की क्लेशाची, हे बहुतांशी ठरते.

या स्वभावाचे मर्म समजण्यासाठी लांडग्याच्या शिकारीची रीत डोळ्यांपुढे आणावी. तो प्रथम हुंगून वा पाहून भक्ष्याचा माग काढतो, मग त्यावर नजर रोखतो, अंग चोरून दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो, जीव घेतो आणि अखेर फाडून खातो. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी नर-मादी निवडून कुत्र्यांची वीण चालविली, तेव्हा या साखळीतील काही कड्या बळकट होत गेल्या आणि काही दुबळ्या. कळप हाकणाऱ्या कोलीमध्ये नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग ही तीन अंगे अत्यंत तीव्र झाली, चावणे मात्र आवरले गेले. टिपलेली पाखरे उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हरमध्ये पकडण्याची हौस वाढली, पण जबड्याचा दाब हलका राहिला. बिळात शिरणाऱ्या टेरियरमध्ये झटका देऊन जीव घेण्याची अखेरची कडी शाबूत राहिली. आणि मेंढरांत वाढून मेंढरांचेच रक्षण करणाऱ्या डोंगरी कुत्र्यात ही साखळी जवळजवळ निद्रिस्त झाली. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे जातींच्या नावांची लांबलचक यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही. समोरच्या कुत्र्याचे पूर्वज कोणत्या कामावर तैनात होते हे कळले की त्याच्या बऱ्याचशा खोडी आणि बरेचसे गुण आपोआप उलगडतात.

निवडीच्या जोरावर स्वभाव पिढ्यांतून उतरविता येतो याविषयी ज्यांना शंका वाटेल, त्यांनी सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ साली आरंभिलेला कोल्ह्यांवरील प्रयोग अवश्य अभ्यासावा. त्याने प्रत्येक पिढीतून माणसाला सर्वांत कमी बुजणारे कोल्हे निवडले आणि त्यांचीच पुढे वीण करविली. थोड्याच पिढ्यांत कोल्ह्यांची पिल्ले माणूस दिसताच शेपूट हलवू लागली, कुंकूं करू लागली, हात चाटू लागली. आणि पुढे त्यांतील काहींचे कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके उमटले. निवड झाली होती ती स्वभावावरून, रूप मागाहून पालटत गेले. आपल्या परिचयाच्या विलायती जातींचा उत्तरकालीन इतिहास दुर्दैवाने याच्या उलट आहे. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीची दफ्तरे सुरू झाली, आणि नोंदणी झालेल्या नर-मादीखेरीज अन्य रक्त येऊ न देण्याचा शिरस्ता हळूहळू पडला. प्रदर्शनांत बक्षिसे मिळू लागली ती रूपाला, आणि कामाची परीक्षा मागे पडली. त्यामुळे आज एकाच जातीत कामाची घराणी आणि प्रदर्शनाची घराणी अशा दोन शाखा आढळतात, व पहिलीतील पिल्लू दुसरीतील पिल्लापेक्षा पुष्कळच अधिक चळवळे निघते. पिल्लू यांपैकी कोणत्या शाखेतले, हाच विक्रेत्यास पहिला प्रश्न करावा.

कळपाच्या कुत्र्यांपासून आरंभ करू. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात मेंढपाळांनी जी बॉर्डर कोली जात सिद्ध केली, तिचा मूळपुरुष म्हणून नॉर्दम्बरलंडमधील ॲडम टेलफर याच्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्याचा निर्देश करतात. हा १८९३ साली जन्मला. गोंगाट न करता, नजरेच्या आणि हालचालीच्या धाकानेच मेंढरे हलविण्याची त्याची रीत पुढील पिढ्यांत उतरली. या जातीची बुद्धी किती कुशाग्र, याचे प्रमाण अमेरिकेतील चेसर नावाच्या मादीने दिले. जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने तिला हजाराहून अधिक खेळण्यांची नावे शिकविली होती, आणि नाव उच्चारताच ती नेमके तेच खेळणे ढिगातून काढून आणी. परंतु अशी बुद्धी घरात आली म्हणजे ती रिकामी बसत नाही, हे विसरून चालणार नाही. पुण्यातील एका सदनिकेत मी पाहिलेला या जातीचा एक कुत्रा दिवाणखान्यात खेळणाऱ्या मुलांभोवती पोट जमिनीलगत आणून फेऱ्या घालीत होता. एखादे मूल दाराकडे निघाले की वळसा घेऊन तो त्याच्या वाटेत आडवा येई, पुढचा एक पाय उचललेला, मान खांद्यांच्या रेषेखाली, डोळे त्या मुलाच्या पावलांवर खिळलेले. आणि मूल धावलेच तर त्याच्या टाचेला दातांचा ओझरता स्पर्श होई. घरच्यांची समजूत झाली होती की कुत्रा चावरा निघाला. तो बिचारा आपली पिढीजात चाकरी बजावीत होता; मेंढरे मिळाली नाहीत म्हणून त्याने मुलांची मेंढरे केली होती. ज्या घरात सकाळी दहाला कुलूप लागते आणि संध्याकाळी सातला निघते, त्या घराने ही जात कितीही मोहक वाटली तरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांस रोज दोन वेळा मोकळ्या मैदानात नेणे आणि शिवाय काही ना काही नवे शिकवीत राहणे शक्य आहे, त्यांना मात्र याहून समाधान देणारा सोबती मिळणे कठीण.

जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडील जुनी मंडळी अद्याप अल्सेशियन म्हणतात, तोही मूळचा मेंढपाळाचाच; तथापि त्याच्या कामाची तऱ्हा निराळी होती. जर्मनीतील कळप कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेने चरत जात, आणि पिकाच्या बांधावरून सतत येरझारा घालून मेंढरांना पलीकडे तोंड घालू न देणे ही या कुत्र्याची कामगिरी. माक्स फोन स्टेफानित्स या घोडदळाच्या कप्तानाने १८९९ साली कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात एक कुत्रा पाहून तेथल्या तेथे विकत घेतला, त्याचे नाव होरांड फोन ग्राफराथ असे ठेवले, आणि त्याच वर्षी या जातीची संस्था स्थापून त्याच्यापासून वंश वाढविला. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना वाट दाखविण्यासाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा निघाली, तिच्यात हीच जात पुढे आली. पोलिसांच्या श्वानपथकांतही तिला मान आहे तो याच एकनिष्ठ आणि आज्ञाधारक वृत्तीमुळे. परंतु बांधावर येरझारा घालण्याचा तो जुना संस्कार घरी आला म्हणजे फाटकापाशी प्रकट होतो. आतले आणि बाहेरचे यांच्यामधली रेषा हा कुत्रा फार लवकर आखतो. दूधवाला, पेपरवाला, जिन्यावरून जाणारा शेजारी हे सारे त्याच्या लेखी रेषा ओलांडणारे. लहानपणीच त्याला पुष्कळ माणसांच्या सहवासात आणले नाही तर हा संशय पुढे भयात आणि भय हल्ल्यात परिणत होते. दुसरे असे की, पाठीचा मागचा भाग उतरता दिसावा या प्रदर्शनी हौसेपायी अनेक घराण्यांत मागचे पाय अशक्त झाले आहेत, आणि खुब्याच्या सांध्याचा विकार या जातीत पुष्कळ आढळतो. पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारण्यात संकोच मानू नये.

आता लॅब्राडोर. आपल्या शहरांत हा सर्वाधिक आवडता, आणि ते योग्यच आहे. परंतु तो विनासायास शहाणा निपजतो ही समजूत मात्र निराधार होय. न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यांतून निसटलेले मासे पोहत जाऊन आणणे हे याच्या पूर्वजांचे काम. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश उमरावांनी ती कुत्री आपल्याकडे नेऊन त्यांना शिकारीत पडलेली बदके आणण्याच्या कामी लावले, आणि १९०३ साली केनेल क्लबने या जातीस मान्यता दिली. उचलून आणलेल्या पाखरावर दाताचा व्रण उमटू नये यासाठी ज्याचा जबडा हलका तोच निवडला गेला; मुरलेला लॅब्राडोर कोंबडीचे अंडे तोंडात धरून न फोडता मालकाच्या तळहातावर आणून ठेवतो. म्हणून याचे पिल्लू घरात आले की चप्पल, मोजे, उशीचा अभ्रा, जे दिसेल ते तोंडात घेऊन हिंडते, आणि घरची माणसे त्याला त्याबद्दल मार देतात. मारून ही सवय जात नाही. पाहुण्याच्या स्वागतास जाताना तोंडात धरावयास त्याला एखादे हक्काचे खेळणे दिले, सकाळचे वर्तमानपत्र दारातून आणावयास शिकविले, की चपला सुटतात.

याची दुसरी खोड म्हणजे खादाडपणा. ताटाशेजारी बसून तो ज्या दीनवाण्या नजरेने पाहतो, ती पाहून वडीलधाऱ्या मंडळींना पोळीचा तुकडा टाकल्यावाचून राहवत नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये तृप्तीची जाणीव करून देणाऱ्या यंत्रणेशी निगडित असलेल्या एका जनुकाचा काही अंश गळालेला असतो, आणि असे कुत्रे अधिक अन्नलोलुप व वजनाने अधिक भरतात. म्हणजे पोट भरले ही वर्दीच त्याला पुरती पोहोचत नाही. तेव्हा मोजून घालणे हाच उपाय. बोटांनी चाचपले असता फासळ्या लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. राखणीसाठी मात्र कोणी लॅब्राडोर आणू नये, कारण परका माणूस म्हणजे नवा स्नेही अशी त्याची ठाम समजूत असते. स्कॉटलंडात लॉर्ड ट्वीडमाउथ याने १८६८ पासून सिद्ध केलेला गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने याचाच भाऊ, किंचित अधिक हळवा. मात्र कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने त्याचा दाट केसाळ कोट पुरता वाळत नाही आणि कातडीला चट्टे पडतात, तेव्हा रोज विंचरण्याची तयारी असेल तरच त्याचा विचार करावा.

नाकाच्या भरवशावर माग काढणारा बीगल गोड चेहऱ्याचा आणि कुत्र्यांच्या घोळक्यात रमणारा; त्याला एकटे ठेवले की तो लांबलचक सूर काढतो, आणि तो सूर शिकाऱ्यास दोन शेते पलीकडून ऐकू यावा म्हणूनच जोपासलेला असल्याकारणाने चाळीत वा सोसायटीत तक्रार येते. वास लागला की हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, सबब रस्त्यावर पट्टा सोडू नये. बिज्जूच्या बिळात एकट्याने उतरणाऱ्या डॅक्सहंडला धन्याच्या हुकमाची वाट पाहून चालले नसते. त्याचा आजचा हट्टीपणा, उकरण्याची हौस आणि देहाच्या मानाने दांडगा आवाज तेथूनच आला. लांब पाठीमुळे त्याच्या मणक्यांना अपाय होतो, म्हणून त्याला जिने आणि पलंगावरील उड्या वर्ज्य. टेरियर वर्गातील लहान कुत्र्यांविषयी एवढेच सांगणे पुरे की, घरात ससा, पांढरे उंदीर किंवा कोंबड्या असतील तर ती आणू नयेत.

राखणदार जातींच्या बाबतीत मात्र लेखणी जरा रोखून चालविली पाहिजे, कारण येथे चूक झाल्यास तिचे प्रायश्चित्त शेजाऱ्यास भोगावे लागते. जर्मनीत आपोल्डा गावी लुई डोबरमन नावाचा गृहस्थ कर वसूल करी, आणि मोकाट कुत्री पकडण्याचे कामही त्याच्याकडे होते. वसुलीच्या फेऱ्यांत जिवाला जामीन राहील असा कुत्रा त्याला हवा होता, आणि त्या गरजेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी जात उभी राहिली तिला पुढे त्याचेच नाव मिळाले. धन्याच्या अंगाला खेटून चालणे, त्याच्या श्वासाची लय बदलली तरी ते ओळखणे आणि क्षणात पुढे होणे हे डोबरमनचे गुण आहेत. असा कुत्रा साखळीने बांधून अंगणाच्या कोपऱ्यात टाकला तर तो राखणदार न होता बिथरलेला कैदी होतो. रोटवाइल गावच्या खाटकांची गुरे हाकणारा रॉटवायलर अधिक संथ आणि अधिक आत्मविश्वासाचा, परंतु देहाने एवढा भारी की त्याची चूक लहान असूच शकत नाही. ज्यांनी यापूर्वी कधी कुत्रा पाळला नाही त्यांनी या दोन जातींपासून आरंभ करू नये. चोराची भीती असेल तर तिला उत्तर म्हणून भुंकून जागे करणारा कोणताही कुत्रा पुरतो. चावणारा लागत नाही.

हवामानाचा विचार स्वतंत्रपणे करणे प्राप्त आहे. सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावर गाडी ओढण्यासाठी जोपासलेला हस्की, ज्याच्या जातभाईंनी १९२५ साली अलास्कात घटसर्पावरील प्रतिविष सुमारे अकराशे किलोमीटर बर्फातून नोम गावी पोहोचविले, तो आज नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत कोंडलेला पाहिला म्हणजे मन विषण्ण होते. त्याला दिवसाकाठी मैलोगणती धावावयाचे असते आणि येथे वैशाखात सकाळी आठनंतर त्याला बाहेर काढणे धोक्याचे. आल्प्समधील मठातून हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना शोधणाऱ्या सेंट बर्नार्डचीही तीच कथा. पगची गोष्ट निराळी. तो चिनी राजदरबारात केवळ सोबतीसाठी वाढला, त्याची चाकरीच मुळी माणसाजवळ बसण्याची. म्हणून लहान सदनिकेत राहणाऱ्या वृद्ध दांपत्यास स्वभावाने तो फार सोयीचा. परंतु कुत्रा धापा टाकून, जिभेवरील आणि नाकातील ओलावा उडवून अंग थंड करतो. पगचे नाक माणसाने आपल्या आवडीपायी इतके आखूड केले की ही यंत्रणाच अपुरी पडते. बसल्या जागी घोरणे ही त्याची गंमत नसून श्वासाची अडचण आहे, हे ओळखून त्याला उन्हात नेऊ नये व लठ्ठ होऊ देऊ नये. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जो पांढरा, टोकदार नाकाचा कुत्रा घरोघरी असतो, तो बहुधा भारतीय स्पिट्झ होय. चपळ, चाणाक्ष, मोठ्या आवाजाचा, आणि आपल्या हवेला पुष्कळ अंशी सरावलेला.

विलायती जातींचे एवढे वर्णन केल्यावर आपल्या मातीतील कुत्र्यांकडे वळताना मला विशेष आनंद होतो, आणि थोडा विषादही. कारण लातूर, सोलापूर, सांगली या भागांत आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात जो कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या जतन झाला, त्याची नीट ओळख आपल्या शहरी वाचकांस अजून व्हावयाची आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनास राजाश्रय दिला, म्हणून तिला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. आज मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे, भारतीय सैन्याने मेरठ येथील आपल्या केंद्रात तिला तालीम दिली, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत राजपालयम, रामपूर हाउंड व हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांच्याबरोबर हिलाही स्थान दिले.

कारवानी हा नजरेने शिकार करणारा. वासाच्या मागे तो फारसा जात नाही. उघड्या माळावर काहीतरी हलले पाहिजे. उंची खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास, वजन वीस-पंचवीस किलो, छाती खोल, पोट आत ओढलेले, आणि कमरेवरील स्नायू ताणलेल्या धनुष्यासारखे. धावताना त्याची पाठ एकदा आकसते व एकदा लांबते, आणि प्रत्येक झेपेत दोन वेळा चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. ज्वारीची कापणी झालेल्या रानात धसकटांतून ससा उठावा, आणि क्षणापूर्वी सावलीला डोळे मिटून पडलेल्या या कुत्र्याने मान वर करून, एकही आवाज न करता, सरळ रेषेत सुटावे, हे ज्याने पाहिले आहे त्यास या जातीच्या स्वभावाविषयी निराळे काही सांगावे लागत नाही. त्या वेळी मारलेली हाक वाया जाते. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने सशाची शिकार निषिद्ध असल्यामुळे, आणि रस्त्यावरील वाहनांमुळेही, त्याला मोकळा सोडावयाचा तो उंच कुंपणाच्या आतच; कुंपण सहा फुटांचे असावे, चार फुटांचे तो उभ्याउभ्या ओलांडतो.

धावण्याची ही भूक रोज एकदा भागली की तोच कुत्रा घरात अत्यंत शांत असतो. दिवसाचा बराच वेळ तो निजून काढतो, उगाच भुंकत नाही, मागे मागे फिरून लाडिगोडी लावीत नाही. त्याची माया आहे, परंतु ती अबोल आहे. परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही, तो मान वळवून बाजूला होतो, आणि त्या वेळी त्याला धरून ठेवणे हा त्याचा अपमान असतो. त्याला ओरडून, मारून शिकवू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकदा विश्वास उडाला की तो महिनोन्‌महिने जवळ येत नाही. हाडांवर चरबी नसल्याने फरशीवर निजून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, म्हणून त्याला जाड गोधडी द्यावी. आणि फासळ्या दिसतात म्हणून शेजारी कितीही हळहळले तरी त्याला तूप-भात घालून जाड करू नये. लांब केसांची पश्मी ही याचीच बहीण. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे दाखवितात. शिकारी कुत्र्यांची कदर करण्याची परंपरा या मुलखात किती जुनी आहे याची ती साक्ष.

धनगरांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री आणि हिमालयातील गद्दी, बकरवाल ही कुत्री राखणीच्या वर्गातील. गद्दी कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या प्रथम नरडे धरतो. ही कुत्री रात्री जागतात, स्वतः निर्णय घेतात, आणि हुकमाची वाट पाहत नाहीत; शेतघरावर ती अनमोल, सदनिकेत मात्र रात्रभर भुंकून सर्वांची झोप उडवितील. आणि आपला गावठी कुत्रा? त्याची वीण कोणी ठरविली नाही. रोगराई, उपासमार आणि रहदारी यांतून जो तगला त्याचाच वंश चालला. म्हणून त्याची प्रकृती काटक, कातडी निकोप, बुद्धी सावध. आपल्या हद्दीविषयी तो दक्ष, नव्या गोष्टीविषयी आधी साशंक आणि मग जिज्ञासू. एका विशिष्ट कामाची जबर ओढ त्याच्या ठिकाणी नसल्यामुळे तो मध्यम वर्गाच्या मध्यम धावपळीच्या घरात फार सहज सामावतो. प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याने माझा सल्ला विचारला तर मी बहुधा याचेच नाव सांगतो.

येथवर जातीचा महिमा गायिला. आता त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारून, आणि त्यांपैकी काही कुत्र्यांची जनुके तपासून, असा निष्कर्ष काढला की दोन कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो त्यापैकी केवळ ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो. माणसाचे ऐकण्याची वृत्ती, वस्तू उचलून आणणे, लांब सूर काढणे या गोष्टींत जातीचा ठसा बराच दिसला. पण कुत्रा किती लवकर चिडेल हे जातीवरून जवळपास सांगताच आले नाही. याचा अर्थ, हा कोणत्या कामाकडे झुकेल ते जात सांगते. हा भला निघेल की चावरा, हे सांगण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार पुष्कळसा त्याच्या आईचा, त्याच्या बालपणाचा आणि आपला.

म्हणून पिल्लू पाहावयास जावे ते आईसह पाहावे. आई दाखविण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल तर तेथून उठावे. आई परक्या माणसापुढे अंग चोरते, गुरगुरते की शांतपणे हुंगून जाते, हे पाहिले म्हणजे निम्मी परीक्षा झाली. मग एका वेताच्या पिल्लांत बसून एक किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकावा; जे पिल्लू दचकते आणि क्षणभराने परत येऊन जुडगा हुंगते ते घ्यावे. कोपऱ्यात जाऊन बसणारे पिल्लू दयेपोटी घेण्याचा मोह होतो, परंतु लहान मुलांच्या घरात तो मोह आवरावा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे; तो दाखला आणि लशींची नोंदवही पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या स्वभावाचा पाया घालण्याचा काळ होय. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९६५ साली हे सविस्तर मांडले. या काळात त्याने जे निर्धास्तपणे पाहिले ते त्याला जन्मभर आपले वाटते. लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नये हे खरे, परंतु कडेवर घेऊन फिरविण्यास कोणतीच हरकत नाही. छत्रीवाला, काठी टेकणारे आजोबा, रिक्षा, कुकरची शिट्टी, देवघरातील घंटा, लहान मुलांचा कल्ला, दूरवरचे फटाके, हे सारे त्याने या दिवसांत, तोंडात खाऊचा तुकडा असताना, पाहावे व ऐकावे.

ज्यांच्या अंगी आता पिल्लाच्या मागे धावण्याची शक्ती नाही, त्यांनी प्राणिमित्र संस्थेतून दोन-तीन वर्षांचा वाढलेला कुत्रा घ्यावा. त्याचा कल उघड झालेला असतो आणि जातीवरून तर्क करीत बसण्याची गरजच राहत नाही. फक्त एक खबरदारी घ्यावी. नव्या घरात आलेला असा कुत्रा पहिले काही दिवस गुपचूप राहतो, थोडे खातो, पुष्कळ निजतो, आणि घरची माणसे तो फार गरीब आहे असे ठरवून मोकळी होतात. त्याचा खरा स्वभाव तीन-चार आठवड्यांनी, घर आपले वाटू लागल्यावर, वर येतो. तोवर पाहुण्यांची गर्दी टाळावी, मुलांना त्याच्या ताटापासून आणि अंथरुणापासून दूर ठेवावे, आणि फिरावयास नेताना पट्टा सोडू नये.